धावताना कोसळणारे मूल : कॅल्सिक्वेस्ट्रिन, बीजदोष आणि आपली औषधपुडी

प्रास्ताविक

स्नायूंचे आकुंचन कॅल्शियमच्या आधारे घडते, हे आपण सर्वांनी क्रियाशारीराच्या अभ्यासात प्रथम वर्षालाच वाचलेले असते. परीक्षेपुरते ते लक्षात राहते आणि चिकित्सालयाचा उंबरठा ओलांडताच विस्मरणात जाते. वैद्याच्या नित्य व्यवहारात स्नायुपेशीतील एखाद्या प्रथिनाला काय स्थान असणार, अशीच माझीही धारणा होती. ती धारणा एका नऊ वर्षांच्या मुलीने मोडली. त्या मुलीचा वृत्तांत, तिच्या व्याधीमागील प्रथिनाची व जनुकाची माहिती आणि त्यातून आपल्या औषधयोजनेविषयी निघणारे काही निष्कर्ष वैद्यबंधु-भगिनींपुढे व औषधनिर्मिती-विक्री करणाऱ्या मंडळींपुढे मांडावेत, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

एक रुग्णवृत्त

मुलगी शेतकरी कुटुंबातील. धावताना, अथवा एकाएकी घाबरली असता, ती पांढरीफटक पडून कोसळे, हातपाय क्षणभर झटकत आणि एक-दोन मिनिटांत ती उठून बसे. ‘फीट येते’ एवढेच निदान घेऊन ती आली होती. मेंदूचा आलेख प्राकृत होता, तरीही दीड वर्ष तिला अपस्मारावरील आधुनिक औषधे चालू होती व त्यांचा उपयोग होत नव्हता. ‘डॉक्टरसाहेब, आता आयुर्वेदाचंच औषध द्या,’ असे तिची आई म्हणाली, तेव्हा मला विश्वासाचा आनंदच झाला, हे प्रांजळपणे सांगावयास हवे.

मी ब्राह्मीघृत, सारस्वतारिष्ट व अश्वगंधा चूर्ण अशी योजना केली. नाडी मंद होती. मिनिटाला साठीच्या आसपास ठोके मी मोजले आणि ते कफप्रकृतीच्या खात्यावर लिहून टाकले. पुढील तीन महिने वेग आला नाही. मी समाधानी होतो. त्या तीन महिन्यांत उन्हाळ्याची सुट्टी होती, मुलगी घरातच होती आणि शाळेतील कवायत बंद होती, ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. मध्यंतरी तिला ज्वर आला असता मी नेहमीच्या सवयीने पुडीत त्रिभुवनकीर्ती घातली. त्या वेळी विपरीत काही घडले नाही. परंतु घडले नाही म्हणून ते निर्धोक होते असे ठरत नाही.

जूनमध्ये शाळा उघडली आणि धावण्याच्या स्पर्धेत मुलगी कोसळली ती लवकर उठलीच नाही. एका शिक्षकांनी छातीवर दाब देण्याचे प्रसंगावधान राखले म्हणून ती वाचली. पुढे मोठ्या शहरातील हृदयरोगतज्ज्ञांनी तिला ट्रेडमिलवर चालविले. विश्रांतीच्या स्थितीत पूर्णतः प्राकृत असणारा तिचा ईसीजी हृदयगती वाढू लागताच बदलला. आधी सुटे अकालिक ठोके, मग त्यांच्या जोड्या आणि अखेर एकाआड एक वर-खाली दिशा बदलणारे ठोके अशी ती मालिका होती. निदान झाले, जनुकतपासणी झाली आणि कॅल्सिक्वेस्ट्रिन या प्रथिनाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष आढळल्या.

तेव्हा तज्ज्ञांनी विचारलेला एक प्रश्न मी कधी विचारलाच नव्हता : घरात कोणी लहान वयात अचानक गेले आहे काय? मुलीचा थोरला भाऊ अकराव्या वर्षी विहिरीत बुडून गेला होता. त्याला पोहता येत होते. आई-वडील परस्परांची मामे-आते भावंडे होती.

प्रथिन आणि त्याचे कार्य

हृदयाच्या आकुंचनास कॅल्शियम लागते, हे सिडनी रिंगर यांनी १८८३ मध्ये लंडन येथे दाखविले. बेडकाचे हृदय मिठाच्या द्रावणात ठेवले असता धडधडत राही. पुढे कळले की साहाय्यकाने ते द्रावण ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी नळाच्या पाण्याने बनविले होते. शुद्ध पाणी वापरताच हृदय थांबले आणि त्यात कॅल्शियम घालताच पुन्हा चालू लागले. नळाच्या पाण्यातील क्षारच हृदय चालवीत होता.

मग प्रत्येक ठोक्यासाठी हे कॅल्शियम येते कोठून व जाते कोठे? स्नायुपेशीच्या आत एक जाळीदार कोश असतो, त्यास सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलम म्हणतात. हे कॅल्शियमचे कोठार होय. स्नायू शिथिल असताना पेशीद्रवात कॅल्शियम अत्यल्प असते आणि कोठारात ते सुमारे दहा हजारपट अधिक असते. विद्युत्-संदेश येताच कोठाराचे द्वार उघडते, कॅल्शियम पेशीद्रवात उतरते, ट्रोपोनिन नामक प्रथिनास जाऊन मिळते आणि स्नायुतंतू आकुंचित होतात. लगेच पंपाद्वारे कॅल्शियम पुन्हा कोठारात भरले जाते. हृदयात हे चक्र दिवसाकाठी लाखभर वेळा घडते.

कोठाराच्या या द्वारास ‘रायनोडिन ग्राही’ म्हणतात. द्रव्यगुणाच्या अभ्यासकांना रुची वाटेल अशी गोष्ट म्हणजे हे नाव एका वनस्पतीवरून आले आहे. दक्षिण अमेरिकेकडील रायनिया या झाडातील रायनोडिन नामक विषारी क्षारोद नेमका या द्वारास जाऊन चिकटतो, त्यावरून द्वाराची ओळख पटली.

एवढे कॅल्शियम छोट्याशा कोठारात मोकळे ठेवता येत नाही. त्यास धरून ठेवणारे प्रथिन टोरांटो येथील डेव्हिड मॅक्लेनन व त्यांचे सहकारी वाँग यांनी १९७१ मध्ये सशाच्या स्नायूंतून वेगळे केले. कॅल्शियमला ‘बाजूस काढून ठेवणारे’ या अर्थाने त्यास कॅल्सिक्वेस्ट्रिन हे नाव मिळाले. याच्या अंगावर ऋण विद्युत्भार असलेली अमिनो आम्ले मोठ्या संख्येने आहेत आणि एकेक रेणू कॅल्शियमचे चाळीस-पन्नास आयन धरू शकतो. मात्र त्याची पकड सैल आहे, म्हणून मागणी येताच ते सोडून देणेही त्यास सोपे जाते. धान्याच्या कोठीवर विश्वासू माणूस असावा, त्याने पुष्कळ साठवावे पण मागताच द्यावे, तशी ही व्यवस्था आहे.

कॅल्सिक्वेस्ट्रिनचे काम साठवणुकीपुरतेच नाही. ट्रायडिन व जंक्टिन या दोन सहायक प्रथिनांच्या मदतीने ते द्वाराशी जोडलेले असते आणि कोठारात किती माल आहे याची वर्दी द्वारास देत असते. एक ठोका पूर्ण झाल्यावर द्वार काही काळ बंद राहावे, अवेळी उघडू नये, ही दक्षताही त्याच्यामुळे पाळली जाते. प्रस्तुत व्याधीत बिघडते ती हीच दक्षता.

जनुके व उत्परिवर्तने

मनुष्यात कॅल्सिक्वेस्ट्रिनची दोन जनुके आहेत आणि दोन्ही पहिल्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर आहेत. पहिले, कॅस्क-१, हे प्रामुख्याने हातापायांच्या ऐच्छिक स्नायूंत व्यक्त होते. दुसरे, कॅस्क-२, हे हृदयातील मुख्य रूप घडविते. कॅस्क-१ मधील एका दोषामुळे स्नायुतंतूंत प्रथिनाच्या गाठी साठून स्नायुदौर्बल्य येते, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. कॅस्क-२ च्या दोषात मात्र हातापायांचे बळ शाबूत असते, हृदयाची रचनाही प्राकृत असते आणि बिघाड केवळ ठोक्यांच्या क्रमात होतो.

या व्याधीस आधुनिक वैद्यकात ‘कॅटेकोलामिनर्जिक पॉलिमॉर्फिक व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया’ असे लांबलचक नाव आहे. संक्षेपाने सीपीव्हीटी म्हणतात. अॅड्रेनॅलिनसारख्या उत्तेजक स्रावांमुळे उद्भवणारी, निलयांची विषम व अतिद्रुत गती, असा त्याचा अर्थ. फ्रान्समधील फिलिप कुमेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये अशा चार मुलांचे वर्णन केले. १९९५ मध्ये लीनहार्ट व सहकाऱ्यांनी २१ मुलांचा अनेक वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला, तेव्हा व्याधीचे स्वरूप स्पष्ट झाले. २००१ मध्ये इटली व फिनलंड येथील संशोधकांनी रायनोडिन ग्राहीच्या जनुकातील दोष दाखवून दिले. आज ज्ञात असलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकांत हाच दोष सापडतो आणि तो एका प्रतीनेही प्रकट होतो.

त्याच वर्षी इस्राएलमधील हदास लाहात, एलॉन प्रास व सहकाऱ्यांचे संशोधन आले. त्या देशाच्या उत्तर भागातील एका बेदुइन जमातीत सात कुटुंबांमध्ये मिळून दहा वर्षांत नऊ मुले अचानक दगावली होती. आणखी बारा मुलांना मूर्च्छा व झटके येत होते. आरंभ सहा-सात वर्षांच्या सुमारास होई. आई-वडील सर्वस्वी निरोगी होते, परंतु परस्परांचे नातलग होते. आजारी मुलांची विश्रांतीतील नाडी मंद होती आणि ट्रेडमिलवर मात्र तीच अनावर होत होती. जनुकाचा माग काढता काढता संशोधक कॅस्क-२ पर्यंत पोहोचले. ३९९ अमिनो आम्लांच्या या साखळीत ३०७ व्या स्थानी अॅस्पार्टिक आम्ल असावयास हवे, तेथे हिस्टिडिन आले होते. अॅस्पार्टिक आम्लावर ऋणभार असतो व तो कॅल्शियमला आकर्षितो. हिस्टिडिन ते काम करू शकत नाही. संपूर्ण ग्रंथात एक अक्षर बदलले आणि नऊ बालके गेली. तो अहवाल मी वाचला तेव्हा ‘मंद नाडी’ या शब्दांपाशी बराच वेळ थांबलो.

दोषाची संप्राप्ती

मूल शांत बसलेले असते तोवर सदोष कॅल्सिक्वेस्ट्रिननेही निभाव लागतो. मूल धावते, घाबरते अथवा रागावते, तेव्हा अॅड्रेनॅलिन स्रवते. कोठारात कॅल्शियम अधिक वेगाने भरले जाते आणि द्वारही अधिक संवेदनशील होते. रखवालदार दुर्बल असल्याने ठोक्यांच्या मधल्या विश्रामकाळात द्वार अवेळी उघडते व कॅल्शियम गळू लागते. पेशी ते बाहेर टाकू पाहते. हे काम करणारी यंत्रणा एक कॅल्शियम बाहेर काढते व त्या बदल्यात तीन सोडियम आत घेते. या देवाणघेवाणीत पेशीत एक धनभार अधिक शिरतो आणि तोच नव्या, अकालिक ठोक्याची ठिणगी ठरतो. अशा ठिणग्या एकामागून एक पडू लागल्या की हृदय थरथरते, रक्त पुढे जात नाही, मेंदू उपाशी राहतो आणि मूल कोसळते. हातपायांचे झटके येतात ते मेंदूच्या या उपासमारीमुळे. त्यावरून ‘अपस्मार’ म्हणण्याची चूक होते.

बीजदोष आणि नातेसंबंधातील विवाह

कॅस्क-२ चा दोष बहुधा अप्रभावी असतो, म्हणजे दोन्ही प्रती सदोष असतील तरच व्याधी पूर्णपणे प्रकट होतो. एकच सदोष प्रत असणाऱ्या काही व्यक्तींतही सौम्य विकृती आढळल्याचे अलीकडे दिसून आले आहे, म्हणून त्यांचीही तपासणी करावी लागते. चरकसंहितेच्या शारीरस्थानात बीजाच्या ज्या भागाचा उपताप होतो त्यापासून निर्माण होणारा अवयव विकृत होतो, असा विचार आला आहे आणि सुश्रुतांनी आदिबलप्रवृत्त व्याधींचा स्वतंत्र वर्ग मानला आहे. हा विचार अत्यंत प्रगल्भ आहे यात शंका नाही. तथापि आपल्या ग्रंथांत कॅल्सिक्वेस्ट्रिन होते असे म्हणण्याचा मोह टाळावा. आचार्यांनी तत्त्व दिले, तपशील शोधण्याचे काम पुढील पिढ्यांवर सोपविले.

शारीरस्थानातील दुसऱ्या अध्यायाचे नावच अतुल्यगोत्रीय आहे. परंतु येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. गोत्र पित्याकडून चालते. त्यामुळे मामाची मुलगी भिन्न गोत्राची ठरते आणि रक्ताने मात्र ती जवळचीच असते. महाराष्ट्रात, विशेषतः दक्षिणेकडील जिल्ह्यांत, अनेक समाजांत मामाच्या मुलीशी विवाहाची रूढी आहे व १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही रूढी असल्यास अशा विवाहास मुभा ठेवली आहे. रूढीची निंदा करण्याचा माझा अधिकार नाही, पण गणित सांगणे हे वैद्याचे कर्तव्य आहे. समाईक आजोबांकडे एक सदोष प्रत असेल, तर ती नातवाकडे येण्याची शक्यता चारांत एक, नातीकडे येण्याची चारांत एक, दोघांकडेही येण्याची सोळांत एक आणि त्यांच्या अपत्यात दोन्ही प्रती सदोष असण्याची चौसष्टांत एक. एकदा आई-वडील दोघेही वाहक असल्याचे निश्चित झाले, की प्रत्येक गर्भधारणेत ही शक्यता चारांत एक होते. माझ्या रुग्णेच्या घरी दोन अपत्यांत ती दोनदा खरी ठरली असावी. भाऊ गेला तेव्हा तपासणी झाली नाही, म्हणून अधिक ठामपणे बोलता येत नाही.

आपल्या औषधपुडीशी संबंध

येथवरचे विवेचन वाचून, एवढ्या विरळ व्याधीशी आपला काय संबंध, असे कोणास वाटेल. संबंध आहे आणि तो थेट आहे. एकाआड एक दिशा बदलणाऱ्या निलय-ठोक्यांचा जो आलेख या व्याधीत दिसतो, तसाच आलेख इतर दोन प्रसंगी ठळकपणे आढळतो. एक हृत्पत्रीतील डिजिटॅलिस वर्गाच्या द्रव्यांची विषबाधा आणि दुसरी वत्सनाभाची विषबाधा.

याचे कारण तिन्हींची वाट अखेर एकाच ठिकाणी मिळते. वत्सनाभातील अकोनिटिन हृदयपेशीवरील सोडियमची द्वारे उघडी ठेवते, पेशीत सोडियम साठते आणि त्यामागोमाग कॅल्शियमही. हृत्पत्री सोडियम बाहेर टाकणारा पंपच अडविते, परिणाम तोच. कॅस्क-२ च्या दोषात तर कॅल्शियम जन्मतःच अनावर असते. ज्या पेशीतील रखवालदार आधीच दुबळा, तिच्यावर कॅल्शियमचा भार वाढविणारे द्रव्य घालणे म्हणजे गळक्या धरणात पाणी सोडण्यासारखे आहे. वत्सनाभाची मात्रा योग्य, शोधन यथाविधी, रुग्ण निरोगी हृदयाचा, या तीन अटींवर आपले कल्प सुरक्षित मानले जातात. तिसरी अट आपण तपासतो काय, हा माझा प्रश्न आहे आणि तो प्रथम मला स्वतःलाच आहे.

त्रिभुवनकीर्ती व आनंदभैरव हे कल्प बालकांच्या ज्वरात, प्रतिश्यायात सर्रास वापरले जातात. दोहोंत वत्सनाभ आहे. गोमूत्रात अथवा दुधात शोधन केल्याने अकोनिटिनचे विघटन होऊन विषारीपणा पुष्कळ कमी होतो, हे आधुनिक पृथक्करणानेही मान्य केले आहे. कल्पात टंकणाची योजनाही आचार्यांनी विचारपूर्वक केली आहे. तथापि शोधन अपुरे राहिल्यास त्याची उणीव टंकणाने भरून निघेल अशा भरवशावर राहू नये. ओठ-जिभेस बधिरता, मुंग्या, वमन, अंग गार पडणे, नाडी विषम होणे यांपैकी काहीही दिसल्यास औषध तत्काळ थांबवून रुग्णास अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात पाठवावे. या विषास विशिष्ट असा उतारा उपलब्ध नाही.

दुसरे द्रव्य सोमलता, म्हणजे एफेड्रा. त्यातील एफेड्रिन हे अॅड्रेनॅलिनप्रमाणेच हृदयास चेतविते. श्वासरोगात त्याचा उपयोग असला तरी धावताना मूर्च्छा येणाऱ्या मुलास ते देणे धोक्याचे होय. वजन घटविण्याच्या चूर्णांतून त्याचा दुरुपयोग झाल्याने अमेरिकेत एफेड्रायुक्त आहारपूरकांवर २००४ मध्ये बंदी आली, हेही स्मरणात ठेवावे.

तिसरी गोष्ट कॅल्शियमची. ‘कॅल्शियमचा दोष’ हे शब्द कानी पडताच पालक एकतर दूध बंद करतात किंवा प्रवाळ, शंख, मुक्ता मागू लागतात. या रुग्णांच्या रक्तातील कॅल्शियम साधारणतः प्राकृतच असते. बिघाड पेशीच्या आतील कोठाराच्या रखवालीत आहे. आहारातील कॅल्शियम कमी-अधिक केल्याने तो सुधारत नाही, हे पालकांना शांतपणे समजावून सांगावे.

औषधनिर्माते व विक्रेते यांच्यासाठी

औषधी द्रव्ये व सौंदर्यप्रसाधने नियमावलीच्या ई-१ अनुसूचीत वत्सनाभाचा समावेश आहे. अशा द्रव्यांनी युक्त, पोटात घ्यावयाच्या औषधाच्या वेष्टनावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ या अर्थाची सूचना इंग्रजी व हिंदीतून ठळकपणे छापणे बंधनकारक आहे. सूचना छापून कर्तव्य संपत नाही. ‘तापाची गोळी द्या’ म्हणून दुकानात येणाऱ्या पालकास वत्सनाभयुक्त कल्प चिठ्ठीवाचून देऊ नये. शोधनाच्या प्रत्येक घाण्याची नोंद ठेवावी. तसेच व्यायामशाळांतून खपणाऱ्या शक्तिवर्धक चूर्णांत उत्तेजक द्रव्य आहे काय, हे विक्रीपूर्वी पाहावे. आपल्या दुकानातून गेलेली पुडी कोणत्या हृदयापर्यंत पोहोचते, हे आपणास दिसत नसते.

चिकित्सालयात विचारावयाचे प्रश्न

अपस्माराचे निदान करण्यापूर्वी मी आता पुढील गोष्टी न चुकता विचारतो.

१. मूर्च्छा कशाने येते? धावणे, पोहणे, भीती, रडणे, राग यांनी येत असल्यास हृदयाचा विचार प्रथम. झोपेत अथवा स्वस्थ बसलेले असता येत असल्यास अपस्माराची शक्यता अधिक, पण तेथेही हृदय वगळून चालत नाही.

२. कोसळताना वर्ण कसा होतो व शुद्धीवर कसे येते? एकाएकी पांढरे पडणे व लगेच भानावर येणे हृदयाकडे निर्देश करते; जिभेच्या कडेला चावा व नंतर बराच काळ गोंधळलेली अवस्था अपस्माराकडे.

३. कुटुंबात चाळिशीच्या आत कोणी अचानक गेले आहे काय? पोहता येत असून बुडाले आहे काय? केवळ ‘हृदयरोग आहे का’ असे विचारल्यास उत्तर ‘नाही’ येते.

४. आई-वडील लग्नापूर्वी परस्परांचे कोण लागत होते?

५. अपस्माराची औषधे पुरेशा मात्रेत देऊनही वेग थांबत नाहीत काय?

यांतील पहिल्या वा तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आल्यास औषध सुरू करण्यापूर्वी रुग्णास हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. साधा ईसीजी प्राकृत आला म्हणून निश्चिंत होऊ नये. या व्याधीत तो बहुधा प्राकृतच असतो. दोष प्रकट होतो तो तज्ज्ञांच्या देखरेखीखाली होणाऱ्या व्यायाम-चाचणीत. समोर मूल कोसळले व श्वास चालत नसेल, तर नस्य, अंजन अथवा नाकाशी कांदा धरण्यात वेळ न घालविता छातीच्या मध्यभागी मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेगाने दाब द्यावा आणि कोणास तरी १०८ क्रमांकावर कळविण्यास सांगावे.

उपचार व आपली मर्यादा

बीटा-ब्लॉकर वर्गातील औषधे या व्याधीचा मुख्य आधार आहेत, कारण ती अॅड्रेनॅलिनचा परिणाम रोखतात. ती आयुष्यभर, एकही मात्रा न चुकविता घ्यावी लागतात. तेवढ्याने न भागल्यास फ्लेकेनाइड दिले जाते, ज्याचा या व्याधीतील उपयोग २००९ मध्ये दिसून आला. काही रुग्णांत डाव्या बाजूची अनुकंपी चेता शस्त्रकर्माने खंडित करतात, तर काहींत हृदयात विद्युत्-धक्का देणारे उपकरण बसवितात. निरोगी कॅस्क-२ जनुक विषाणूच्या वाहनातून पोहोचविण्याचे प्रयोग इटलीतील सिल्विया प्रायोरी यांच्या गटाने उंदरांत यशस्वी केले आहेत. मनुष्यासाठी तो अद्याप रूढ उपचार नाही.

अशा रुग्णास ‘अॅलोपॅथी सोडा, अर्जुनारिष्ट घ्या’ असे सांगणारा वैद्य मुलाच्या मृत्यूस कारण होऊ शकतो. बीटा-ब्लॉकर एकाएकी बंद करणे विशेष घातक असते. आपले काम येथे संपते असे मात्र नाही. निदानपरिवर्जन हा आपल्या चिकित्सेचा पाया आहे आणि या व्याधीत तर तो अक्षरशः लागू पडतो. अतिव्यायाम व उद्वेग टाळणे, घरातील भीतीचे वातावरण निवळविणे, औषध वेळेवर घेतले जाते यावर लक्ष ठेवणे, भावंडांची तपासणी करून घेणे, ज्वर-कास-अतिसारात निरुपद्रवी द्रव्ये निवडणे, हे सर्व गावातील वैद्यच करू शकतो. तज्ज्ञ शंभर मैलांवर असतो, आपण पेठेत असतो.

समारोप

ती मुलगी आज औषधावर आहे. शाळेत जाते, चित्रे काढते, धावत नाही. तिच्यामागून जन्मलेल्या धाकट्या भावाची तपासणी झाली. त्याच्याकडे एकच सदोष प्रत आहे आणि त्याची व्यायाम-चाचणी प्राकृत आली. तिला आजही ज्वर आला की आई प्रथम माझ्याकडेच येते. मी गुडूची, सुदर्शन, फार तर संजीवनीऐवजी साधा तुळशीचा काढा असे काहीतरी शोधीत बसतो, कारण संजीवनीतही वत्सनाभ आहे. पुडी बांधण्यापूर्वी तिच्यातील प्रत्येक द्रव्य मी आता मोठ्याने उच्चारतो. ही सवय मला तिने लावली.

आप्तोपदेश, प्रत्यक्ष व अनुमान यांनी रोग जाणावा, अशी आपली परंपरा आहे. या प्रकरणात प्रत्यक्ष माझ्या बोटांखाली होते, मंद नाडीच्या रूपाने. आप्तांचा वृत्तांत घरात होता, विहिरीत गेलेल्या मुलाच्या रूपाने. प्रश्न विचारणारा वैद्य तेवढा कमी पडला. माझ्या व्यवसायबंधूंपैकी एकाने जरी यापुढे धावताना कोसळणाऱ्या मुलाच्या आईस ‘याच्या आधीचं लेकरू कसं गेलं?’ असे विचारले, तरी या लेखाचे सार्थक झाले असे मी मानीन.

इत्यलम्.